भीतीचे अकरा प्रश्न आणि पेठचा उतार

गुडघ्याचं लिगामेंट तुटून ऑपरेशन झालेला एखादा तरी माणूस तुमच्या ओळखीत असेलच. कबड्डीत पकड होताना पाय पिळवटलेला, मोटारसायकलवरून पडलेला, नाहीतर आवणीच्या दिवसांत बांधावरून घसरलेला. सहा-आठ महिने उलटतात. टाके केव्हाच सुकलेले असतात, एमआरआयमध्ये नवीन लिगामेंट जागेवर दिसतं, आणि तरी तो माणूस चालताना तो पाय जपूनच टाकतो. गुडघा पुरता वाकत नाही, पाय काठीसारखा ताठ पुढे येतो. घरचे म्हणतात, "अरे, बरा झालास की आता, नीट चाल." आणि तपासणीच्या खोलीत कोणीतरी म्हणतं, "आता पायात काही नाही, सगळं तुझ्या मनात आहे."

या "मनात आहे"बद्दल आज लिहायचं आहे. कारण आता ते नुसतं बोलण्यातलं वाक्य राहिलेलं नाही. त्यामागे संशोधन आहे, प्रश्नावल्या आहेत, आकडे आहेत. माझ्या पीएचडीच्या विषयाला हे सगळं लागून असल्यामुळे गेली काही वर्षं मी हेच पेपर वाचते आहे. माझं मत आधीच सांगून टाकते: या संशोधकांनी विचारलेला प्रश्न अगदी योग्य आहे. पण तो मोजायला जी पट्टी वापरली जाते, ती आपल्याकडच्या माणसावर आणि आपल्याकडच्या वाटेवर ठेवली की वाकडी पडते. कशी, ते बघा.

आधी चालण्याचं समजून घेऊ. आपण टाच टेकवतो तेव्हा गुडघा साधारण पंधरा ते वीस अंश वाकतो आणि शरीराचा भार झेलतो. गाडीच्या शॉकअॅब्सॉर्बरचं काम असतं ना, तसं. हे वाकणं ताब्यात ठेवतो तो मांडीचा पुढचा मोठा स्नायू, क्वाड्रिसेप्स. पुढचं क्रूशिएट लिगामेंट, ज्याला सगळे एसीएल म्हणतात, तुटलेल्या माणसांच्या चालीत १९९० साली अमेरिकेतल्या बर्चक, आंद्रियाकी आणि सहकाऱ्यांनी एक गोष्ट टिपली: ही माणसं मांडीच्या या स्नायूवर भार येईल असं चालणंच टाळतात. ऑपरेशननंतरही बऱ्याच जणांत ही सवय थोडीफार उरते. गुडघा कमी वाकतो, त्या पायावर वजन कमी येतं. दिसायला किरकोळ वाटतं, पण माणूस दिवसाला हजारो पावलं टाकतो. सांध्याच्या कूर्चेला भाराची जी सवय असते ती बदलली, तर पुढे कमी वयातच गुडघ्याची झीज सुरू होण्याशी याचा संबंध असावा, असं आज अनेक संशोधक मानतात. म्हणून ही चाल सुधारणं हा निव्वळ दिसण्याचा प्रश्न नाही. विशीतल्या पोराच्या चाळिशीतल्या गुडघ्याचा तो प्रश्न आहे.

यात मन कुठून आलं? एका कोड्यातून. क्लेअर आर्डर्न आणि सहकाऱ्यांनी जगभरचे अभ्यास एकत्र करून २०१४ मध्ये दाखवलं, की एसीएलच्या ऑपरेशननंतर ८१ टक्के लोक कुठल्यातरी खेळाकडे परततात, दुखापतीआधीच्या पातळीवर मात्र फक्त ६५ टक्के, आणि स्पर्धेत उतरतात ते ५५ टक्के. गुडघा तपासला तर बहुतेकांचा ठीक. मग मधले लोक गेले कुठे? उत्तर म्हणून भीतीकडे बोट दाखवलं गेलं. पाठदुखीच्या क्षेत्रात एक सिद्धांत तयार होताच. व्लायेन आणि लिंटन यांनी २००० साली तो नीट मांडला होता: दुखणं झालं, माणूस घाबरला, घाबरून हालचाल टाळू लागला, टाळल्यामुळे स्नायू कमजोर झाले, कमजोरीने पुन्हा दुखणं वाढलं. हे चक्र गुडघ्याला लावायचं, इतकंच बाकी होतं.

आणि पट्टीही तयार होती. तिचं नाव टॅम्पा स्केल, फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरावरून. "कायनेसिओफोबिया" हा शब्द १९९० च्या सुमारास कोरी आणि सहकाऱ्यांनी आणला. अर्थ असा, की पुन्हा इजा होईल या भावनेतून आलेली हालचालीची अतिरेकी, अवाजवी भीती. "अवाजवी" हा शब्द लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे. आज गुडघ्याच्या अभ्यासांत या स्केलचं छोटं रूप चालतं. अकरा वाक्यं. प्रत्येक वाक्याला "अजिबात पटत नाही" म्हटलं तर १ गुण, "पटत नाही" २, "पटतं" ३, "पूर्ण पटतं" ४. म्हणजे कमीत कमी ११, जास्तीत जास्त ४४. जितके गुण जास्त तितकी भीती जास्त.

आता या क्षेत्रात सारखा उद्धृत होणारा एक पेपर घेऊ. पॅटर्नो आणि सहकाऱ्यांचा, २०१८ चा. खेळायला परवानगी मिळालेले ४० रुग्ण, त्यांचे टॅम्पाचे गुण, आणि पुढच्या २४ महिन्यांत कोणाचं लिगामेंट पुन्हा तुटलं याची नोंद. निष्कर्ष असा, की १९ किंवा त्याहून जास्त गुण असलेल्यांत पुन्हा लिगामेंट तुटण्याचा धोका १३ पट. तेरा पट! हा आकडा परिषदांतल्या स्लाइडवर छान दिसतो. पण त्याच पेपरात त्या तेराची दोन टोकं दिली आहेत: २.१ पासून ८१ पर्यंत. म्हणजे उपलब्ध माहितीवरून धोका दुप्पट असू शकतो किंवा ऐंशी पट. ४० माणसांतून याहून नेमकं काही निघणं शक्यही नव्हतं. लेखकांनी शीर्षकातच हा पथदर्शी अभ्यास असल्याचं म्हटलंय, तेव्हा दोष त्यांचा नाही. दोष आहे तो मधली सगळी सावधगिरी गाळून "तेरा पट" एवढंच उचलणाऱ्यांचा.

पण मला खटकतो तो "१९" हा आकडा. तुम्हीच हिशोब करा. अकरा वाक्यं. समजा एका पोराने सगळ्या वाक्यांना "पटत नाही" असं उत्तर दिलं. एकाही वाक्याला होकार दिला नाही. अकरा गुणिले दोन, बावीस. एकोणीसच्या वर! म्हणजे भीतीचं एकही विधान मान्य न करणारा माणूस या रेषेनुसार जास्त भीतीच्या गटात जातो. फक्त "अजिबात" हा शब्द जोडला नाही म्हणून. ही रेषा त्या विशिष्ट ४० जणांत, खेळात परतणाऱ्या तरुण अमेरिकन मुलांमुलींत, तिथल्या बोलण्याच्या ढंगात कदाचित काही वेगळं काढत असेलही. ती उचलून दुसरीकडे वापरायची तर आधी तिकडचे लोक "अजिबात" किती सहज म्हणतात ते बघायला हवं.

आमच्या पेठकडे लोक असं म्हणतात का? माझं गाव पेठ तालुक्यातलं, म्हणून हे मी जरा अधिकाराने लिहिते. समोर पांढरा कोट घातलेला माणूस कागद घेऊन बसला असेल तर आमच्याकडची वडीलधारी माणसं बहुतेक गोष्टींना "हां" म्हणतात. पटलं म्हणून असेल, पण बऱ्याचदा शिष्टाचार म्हणून. मूळ सतरा वाक्यांच्या टॅम्पा स्केलमध्ये चार वाक्यं उलट्या दिशेची होती. तिथे होकार दिला की भीतीचे गुण कमी व्हायचे, म्हणजे नुसतं "हां हां" करणाऱ्याला थोडा तरी चाप होता. अकरा वाक्यांचं रूप करताना नेमकी ती चारही वाक्यं गेली. आता सगळी वाक्यं एकाच दिशेला. नम्र माणूस जितका जास्त नम्र, तितका तो कागदावर जास्त भित्रा.

एक वाक्य तर मला वाचताना दरवेळी अडवतं. नको त्या हालचाली न करता जपून राहणं हाच दुखणं वाढू न देण्याचा सर्वांत सुरक्षित मार्ग, अशा अर्थाचं ते आहे. होकार दिला की भीतीचा गुण. पण ऑपरेशननंतर या माणसाला सगळ्यांनी सांगितलेलं काय असतं? पाय पिळू नको. उकिडवा बसू नको. मांडी घालू नको. ओल्यात जाऊ नको. जपून चाल. आई सांगते, फिजिओ सांगतो, डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेलं असतं. शहाण्यासारखं ऐकणाऱ्याने प्रश्नावलीतही तेच सांगितलं, तर त्याच्या आज्ञाधारकपणाची नोंद आजार म्हणून होते.

आता त्या "अवाजवी"कडे वळू. भीती अवाजवी कधी म्हणायची? धोका नसताना वाटली तर. विगिन्स आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये जमवलेल्या आकड्यांनुसार एसीएलच्या ऑपरेशननंतर त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्याला पुन्हा अशीच दुखापत होण्याचं प्रमाण एकूण १५ टक्के. पंचविशीच्या आतले आणि खेळात परतलेले घेतले तर २३ टक्के. जवळजवळ चारांत एक. त्याच वर्षी ग्रिंडेम आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणं जितके महिने लांबवाल, तितकं दर महिन्याला पुन्हा इजेचं प्रमाण ५१ टक्क्यांनी उतरतं. अशा परिस्थितीत सहाव्या महिन्यात मैदानावर जायला कचरणाऱ्या पोराला काय म्हणाल? मी तरी त्याला हिशोबी म्हणेन. पाठदुखीत "दुखलं म्हणजे इजा झाली असं नाही" हे शिकवणं बरोबर आहे, कारण तिथे बहुतेकदा तेच खरं असतं. नुकत्याच बसवलेल्या लिगामेंटच्या बाबतीत धोका खराखुरा आहे. पाठीची पट्टी गुडघ्याला लावताना हा फरक मधल्यामध्ये हरवला.

शब्दांचंही बघा. आपल्याकडे असा रुग्ण क्वचितच "मला भीती वाटते" म्हणतो. तो म्हणतो, "पायाचा भरवसा नाही वाटत." किंवा "पाय दगा देईल." भीती आणि भरवसा नसणं या एकच गोष्टी नाहीत. भीती ही माझ्याबद्दलची गोष्ट झाली, भरवसा ही पायाबद्दलची. दुसरं म्हणजे एक प्रकारची बातमी असते, आतून आलेली, आणि ती पुष्कळदा खरी असते. कारण ऑपरेशननंतर मांडीचा स्नायू खरोखरच पूर्ण चालू होत नाही. सांध्याला सूज असली की मज्जारज्जूच्या पातळीवरच त्या स्नायूला मिळणारा हुकूम दबतो. याचा सुंदर पुरावा चाळीसेक वर्षांपूर्वीचा आहे. निरोगी माणसांच्या धडधाकट गुडघ्यात थोडं मिठाचं पाणी टोचून कृत्रिम सूज आणली, तरी मांडीचा स्नायू मंदावला. त्या माणसांना ना अपघात झाला होता, ना ऑपरेशन, ना कसली धास्ती. तरी स्नायू गप्प. मग लंगडणाऱ्या रुग्णाला "मनात आहे" म्हणण्याआधी त्याची सूज कोणी बघितली का? दोन्ही मांड्यांची ताकद मोजली का?

हाच मुद्दा मला या विषयावरच्या कित्येक पेपरांत अर्धवट सोडलेला दिसतो. एकाच दिवशी प्रश्नावली भरून घ्यायची, त्याच दिवशी चाल मोजायची, आणि दोन्हीत संबंध दिसला की लिहायचं: भीतीचा चालीवर परिणाम होतो. अहो, पण उलटं का नसेल? स्नायू कमजोर, म्हणून पाय डगमगतो, डगमगतो म्हणून माणूस धास्तावतो. एकाच दिवसाच्या फोटोवरून आधी काय आणि नंतर काय, हे कळत नाही. त्यासाठी त्याच माणसांना तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात पुन्हा पुन्हा बघावं लागतं. ते खर्चिक आहे, कंटाळवाणं आहे, आणि पीएचडीच्या मुदतीत बसत नाही (हे स्वानुभवाने सांगते).

मग मन काहीच करत नाही का? करतं. तसं म्हणणं हा दुसऱ्या टोकाचा अडाणीपणा होईल. २०१८ मध्ये ट्रिगस्टेड आणि सहकाऱ्यांनी ऑपरेशन झालेल्या स्त्रियांना उडी मारून उतरायला लावलं. ज्यांना पुन्हा इजेची धास्ती जास्त, त्या जास्त ताठ उतरल्या. गुडघा, कंबर आणि धड कमी वाकलं. उडीसारख्या क्षणात भीती शिरते, हे पटण्यासारखं आहे, कारण तिथे खरंच काहीतरी पणाला लागलेलं असतं. सपाट फरशीवर दहा-पंधरा मीटर चालण्यात मात्र काय पणाला लागलेलं असतं? एसी लावलेली खोली, कोरडी जमीन, अंगावर चिकटवलेले चमकणारे गोळे, आठ-दहा कॅमेरे. भीतीला बाहेर यायला तिथे कारणच नाही. तेव्हा तिथे भीती आणि चाल यांचा संबंध सापडला नाही तरी फार काही सिद्ध होत नाही.

आता पेठ डोळ्यांसमोर आणा. नाशिकहून निघालात की सावळघाट उतरून इकडे येता. तालुका सगळा डोंगरउताराचा. पावसाळ्यात धो धो पाऊस, भाताच्या खाचरात पोटरीपर्यंत चिखल, खाचरांमधले बांध वीतभर रुंद. उन्हाळ्यात त्याच तालुक्यात पाण्याची ओढ, आणि डोक्यावर हंडा घेऊन बाया चढउतार करतात. हंडा डोक्यावर असला की पायाखाली बघता येत नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे. ग्रूम्स आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये १५ ऑपरेशन झालेल्या आणि १५ निरोगी माणसांचा मेंदू, गुडघा हलवत असताना, स्कॅनमध्ये पाहिला. ऑपरेशन झालेल्यांत दृष्टीच्या माहितीशी निगडित असलेला एक भाग जास्त काम करताना दिसला. गुडघ्यातून मिळणारी जाणीव कमी झाली, तेव्हा मेंदू डोळ्यांवर जास्त विसंबतो, असा त्याचा अर्थ लावला जातो. अभ्यास छोटा आहे, पण प्रश्न मोठा उभा करतो. जिचा गुडघा डोळ्यांच्या आधाराने चालतोय, तिच्या डोक्यावर हंडा दिला तर? गुडघाभर गढूळ पाण्यात पाय दिसेनासा झाला तर? तिथे तिने ताठ पाय टाकला, तर त्याला भीती म्हणायचं की अंधारात भिंत चाचपणं?

आणि उतार. चढण दमवते, पण उतार गुडघ्याची परीक्षा घेतो. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार धरून ठेवतो. कमजोर मांडीला हेच जमत नाही. चालीवरचे बहुतेक अभ्यास सपाटीवरचे आहेत, आणि आमच्या तालुक्यात सपाटी शोधायला एसटी स्टँडवर जावं लागतं.

एसीएल-आरएसआय नावाची दुसरी एक प्रश्नावली आहे, वेबस्टर आणि सहकाऱ्यांची, २००८ ची, बारा प्रश्नांची. ती खास याच ऑपरेशनसाठी बनवलेली असल्यामुळे टॅम्पापेक्षा मला ती बरी वाटते. भावना, आत्मविश्वास आणि धोक्याचा अंदाज अशा तीन गोष्टी ती विचारात घेते. पण तिच्यात "परतणं" म्हणजे खेळात परतणं. जिने कधी खेळाची स्पर्धा बघितली नाही, जिचं परतणं म्हणजे आवणीला वाकणं किंवा हंगामात दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जाणं, तिने त्या प्रश्नांपुढे काय लिहायचं? तिचं "कधी परतणार" हे ना नऊ महिन्यांच्या नियमावर ठरतं ना आत्मविश्वासावर. ते पावसावर आणि घरातल्या पैशांवर ठरतं. कधी कधी तर ती भीती असूनही लवकर परतते, आणि कुठल्याच प्रश्नावलीत तिची नोंद होत नाही.

ऋषभ पंतचं उदाहरण इथे कोणीतरी देणारच, म्हणून मीच देते. ३० डिसेंबर २०२२ ला अपघात, जानेवारी २०२३ मध्ये मुंबईत गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन, आणि मार्च २०२४ मध्ये आयपीएलमध्ये पुनरागमन. त्याची जिद्द खरी आहे, शंकाच नाही. पण बातम्या वाचल्यात तर सगळं श्रेय मनोबलाला. चौदा-पंधरा महिने दुसरं काम न करता फक्त बरं होण्याची मुभा, रोजचा फिजिओ, राष्ट्रीय क्रिकेट अकादमीतलं साहित्य, हे सगळं बातमीच्या तळाशी. मनाचा हा गौरव दिसायला निरुपद्रवी वाटतो. त्याची दुसरी बाजू अशी, की जो तसा परतला नाही, त्याचं मनच कच्चं ठरतं. फिजिओसाठी प्रत्येक वेळी पन्नासेक किलोमीटरचा घाट ओलांडून नाशिकला जावं लागणारा पोरगा चार वेळा जाऊन थांबला, तर त्याच्या कागदावर "रुग्ण व्यायामाला टाळाटाळ करतो" असं लिहिलं जाऊ शकतं. टाळाटाळ हा शब्द भीतीच्या सिद्धांतात अगदी चपखल बसतो. एसटीचं भाडं आणि बुडालेली रोजंदारी त्यात कुठेच बसत नाही.

मग काय करावं म्हणता? संशोधकांना माझं सांगणं: आधी सूज आणि मांडीची ताकद मोजा, मग भीती. चाल मोजायची तर उतारावरही मोजा, हातात ओझं देऊन मोजा, शक्य असेल तर त्यांच्याच बांधावर. प्रश्नावलीचं भाषांतर करण्याआधी दहा-वीस रुग्णांना नुसतं बोलू द्या आणि "भरवसा", "धास्ती", "दगा" हे शब्द ते कशासाठी वापरतात ते ऐका. उलट्या दिशेची वाक्यं परत आणा.

आणि तुम्ही स्वतः रुग्ण असाल, किंवा तुमच्या घरात कोणी असेल, आणि कोणी "मनात आहे" म्हणालं, तर वाद घालू नका. तीन गोष्टी शांतपणे विचारा. गुडघ्यात अजून सूज आहे का? दुसऱ्या पायाच्या तुलनेत या मांडीची ताकद किती आहे, आणि ती यंत्रावर मोजली की हाताने दाबून अंदाज केला? पायऱ्या उतरताना माझा गुडघा कसा वाकतो, ते तुम्ही पाहिलंत का? तिसऱ्या प्रश्नासाठी फक्त एक जिना लागतो. तिन्हींची उत्तरं चांगली आली आणि तरी पाय ताठच पडत असेल, तर मग जरूर मनाकडे वळा. अशा धास्तीवर हळूहळू, पायरीपायरीने हालचाल वाढवत नेणारे उपाय आहेत. तेव्हाही "घाबरू नको" हे शब्द सोडून द्या. "आज कुठल्या पावलाला भरवसा वाटला नाही?" असं विचारून बघा, बहुतेक वेळा माणूस जागा बोट ठेवून दाखवतो.